शेजारची जागा

आयेनच्या शेडमध्ये नासपतीच्या पेट्या चढत होत्या.
पावतीवाल्याने विचारलं, "ही कोण?"
"बायको," एवारिस्तो म्हणाला.
कागदावर बायकोचा रकाना नव्हता.
पावतीवाल्याने पेन कानावर खोचलं
आणि कुत्र्याकडे बघत बसला.
तेवढ्यात मी चढले.

एकोणीस वर्षं हा रस्ता मी नुसता ऐकत आलेय
फोनवर, वाऱ्याने अर्धा फाडलेला:
"सान हुलियान. पोचलो. जेवलो. तू झोप."
पोरगी शिकायला नेउकेनला गेली,
घरात फ्रिजचा आवाज मोठा झाला,
म्हणून म्हटलं, बघू तरी.

मांडीत थर्मास. भोपळ्याच्या कपात येर्बाचा कडू पाला.
चालवणाऱ्याने चालवायचं, शेजारच्याने ओतायचं.
पाणी उकळू द्यायचं नाही, नळी ढवळायची नाही,
पहिला घोट ओतणारीचा, कारण तो सगळ्यात कडू.
आणि "ग्रासियास" म्हणायचं नाही.
आभार मानले की अर्थ होतो: पुरे, आता नको.

सिएरा ग्रांदे मागे पडलं आणि पुढे काही नाही.
काही नाही म्हणजे खरंच काही नाही.
गुडघ्याएवढी काटेरी झुडपं, तारेचं कुंपण,
तारेला मेंढीची लोकर,
आणि वारा,
जो ट्रकला खांद्याने ढकलत राहतो
प्यायलेल्या मेव्हण्यासारखा.

रेडिओवर त्याला सगळे 'पाद्री' म्हणतात.
"का रे?"
"ऐकून घेतो म्हणून."
कुणाची बायको, कुणाचा गिअरबॉक्स, कुणाची किडनी,
पन्नास किलोमीटर हा हूं हूं करतो,
मग एकच वाक्य बोलतो, आणि पलीकडचा हसतो.
घरी हा माणूस आठ शब्दांत जेवण उरकतो.

कोमोदोरोजवळच्या खानावळीत
बाईने न विचारता ताट आणलं.
"कांदा काढलाय," ती त्याला म्हणाली.
कांदा?
मी डोळे चोळत एकोणीस वर्षं चिरतेय.
त्याने ब्रेडचा तुकडा मोडला, फार लक्ष देऊन.

कालेता ओलिव्हियाच्या पुढे एका वळणावर थांबला.
पाण्याच्या बाटल्यांचा ढीग,
उन्हाने पिवळ्या पडलेल्या, काही फुटक्या.
मध्ये विटांचं घरटं, आत दिफुंता कोर्रेआ,
अंगावर पाजतं मूल घेऊन आडवी.
नवऱ्याच्या शोधात निघाली आणि तहानेने गेली,
मूल मात्र जगलं, असं म्हणतात.
त्याने एक भरली बाटली ठेवली, टोपी काढली.
"ती पण नवऱ्यामागेच निघाली होती," मी म्हटलं.
"तिच्याकडे ट्रक नव्हता," तो म्हणाला.
चढताना मला हात दिला,
जो मला लागत नव्हता. घेतला.

मग उजेड खाली गेला. दोघंही गप्प.
इंजिन आमच्या वाटचं बोलत होतं.
आणि तो म्हणाला, अगदी हळू:
"ते बघ, ग्वानाको. पिल्लू पण आहे आज."

मी बघितलं. कुंपणाशी चार माना,
एक आखूड.
पण तो मला म्हणालाच नव्हता.
आवाज वळणाचा होता, रोजचा,
इतक्या वर्षांत या जागेला
हे बघ ते बघ सांगून गुळगुळीत झालेला,
आणि ही जागा बाकी कोरी,
सीटवरचं प्लास्टिक अजून तसंच,
वळणावर माझ्याखाली चुरचुरणारं.

तो दचकला. माझ्याकडे वळून बघितलं,
जसं कुणी न विचारता
त्याची वही वाचत बसलंय.
मी काही बोलले नाही. काय बोलणार?
मीही तव्यापाशी उभी राहून
दाराला सांगत असतेच की,
बिल आलं, मांजर आली, दूध उतू गेलं.

कप भरून त्याच्या हातात दिला.
पाला केव्हाच फिका पडलेला,
नुसतं कोमट पाणी, काडीची चव.
त्याने नळीचा शेवटचा आवाज होईपर्यंत ओढलं
आणि कप परत केला.
ग्रासियास म्हणाला नाही.

दिवे दिसले तेव्हा त्याचा हात
सवयीने फोनकडे गेला, फोनवर थांबला.
"सान हुलियान," तो समोर बघत म्हणाला.
"पोचलो. तू झोप."

थर्मास हलवून बघितला.
अजून दोन कप निघतील.