रिकामा एकोणीस

तार असती तर बोटानं चाचपत गेलो असतो
भिंतीच्या कडेकडेनं, उंदरानं कुरतडल्या जागेपर्यंत.
मी मोटारी भरणारा माणूस, तांबं ओळखतो.
वाइंडिंग कधी जळली ते वासावरून सांगतो.
पण ज्याला तारच नाही
त्याला टेस्टर कुठं लावायचा?

खैरगावच्या शाळेत बावीस संगणक,
कुठल्याशा बँकेनं टाकून दिलेले,
आणि कपाटावर एकच राउटर,
दोन कान उभारून बसलेल्या सशासारखा.
कुमरे बाईंचा फोन आला :
"वामनभौ, दर दहा मिनिटाले उडते.
शुक्रवारपर्यंत पोरींचे फॉर्म भराचे हायेत."

पहिल्या दिवशी आळ घेतला कूलरवर.
जुनी मोटर, ठिणग्या टाकणारी. बंद केली.
एप्रिलची दुपार आत येऊन बसली
आमच्या मांडीला मांडी लावून.
नेट उडालंच.

मग टिनाचं छप्पर. मग शेजारची आटाचक्की.
मग दौलत चपराशी म्हणाला, "बाहेरचे पोट्टे पाहा ना."
खरंच, ओट्यावर सात जण,
हौदावरच्या गोऱ्ह्यांसारख्या माना खाली घालून.
पासवर्ड बदलला. पोट्टे शिव्या देत उठले.
अकरा मिनिटं चाललं.
बाईंनी चहा सांगितला होता,
तो यायच्या आत पुन्हा गेलं.

आमच्या धंद्यात एक रीत आहे :
काही कळेनासं झालं की सगळं बंद कर,
मग एकेक लाव आणि गप बस.
एक लावला. दोन. तीन.
प्रत्येकाला पाच मिनिटं, घड्याळ समोर ठेवून.
अकरापर्यंत सगळे सुरळीत.
बारावा लावला
आणि सातवर बसलेली प्रणाली टेकाम ओरडली,
"पाहा! इनं चालू केलं का माह्यं जाते!"
बारावरची आचल खोब्रागडे म्हणाली,
"अन् माह्यं कोण घालवते मंग?"

महिनाभर ठाऊक होतं दोघींना.
महिनाभर बोलत नव्हत्या एकमेकींशी.
आम्ही छपराला विचारलं, कूलरला विचारलं.

उघडून पाहिलं : दोघींच्या यंत्रात
कुणीतरी हातानं लिहिलेला एकच पत्ता,
शेवटी एकोणीस, आणि इथेही एकोणीस.
बँकेच्या दोन शाखा असतील, दोन गावांतल्या,
त्या शाखेत हा एकोणीस होता, या शाखेत तो,
आपापल्या टेबलावर सुखात.
एका छपराखाली आले आणि भांडण लागलं.
राउटर बिचारा पोस्टमन,
एकोणीसच्या दारात जी उभी दिसेल
तिच्या हातात टपाल.

लिहिलेलं खोडलं. "आपोआप घ्या" वर टिंब लावलं.
एकीला सव्वीस मिळाला, दुसरीला एकतीस.
तासभर बसलो. उडालं नाही.
बाईंनी पैसे विचारले.
मोटर असती तर वजनावर सांगितले असते,
इथं तांबं लागलं नाही, वार्निश नाही.
पेट्रोलचे पन्नास घेतले
आणि कूलर पुन्हा लावून दिला.

निघता निघता पाहिलं : प्रणालीचा फॉर्म अडला होता.
घर क्रमांक. लाल चांदणी. रिकामं चालत नाही.
"बाई, आमच्या पोडावर घराईले नंबरच नाई."
बाई चष्मा पुसत राहिल्या. दौलतही काही बोलला नाही.
माझ्याकडे पाना होता, पक्कड होती, टेस्टर होता.

कूलरच्या आवाजात, पडद्यावरून नजर न काढता,
बारा नंबरवरून आचल म्हणाली,
"एकोणीस टाक बे.
आता रिकामाच हाय तो."