सीन एकतीस

सातव्या खर्ड्यापर्यंत
सीन एकतीसमध्ये थोरला पेवात उतरायचा.
हरिपूर. बाह्य. रात्र.
तो तोंडावरची माती उकरतो, फरशी सरकवतो
आणि अंधारात उडी घेतो.
'अंधारात उडी' मला फार आवडलं होतं.
सुकुमारलाही. त्यानं समासात बदाम काढला होता.

रेहाना म्हणाली, आत कॅमेरा कुठं लावू?
तोंड दीड हाताचं, पोट खोलीएवढं,
मी काय हळद आहे, पोत्यातनं सोडायला?
प्रज्योत हेडफोन गळ्यात टाकून म्हणाला,
संवाद कमी कर, खाली सगळं घुमेल.
मी एक पान कमी केलं. रागानं.
राग निघाला पुढच्या सीनमधल्या आईवर,
तिला उगाच खोकला लावला.

मग संगमाजवळ चहा झाला
आणि भूपाल मगदूम आले.
चाळीस वर्षं पेवं भरणारे, उपसणारे.
आमच्या लेखी, लोकेशन दाखवणारे.
मी वाचून दाखवलं. ते बशी ओठाशी धरून ऐकत राहिले.

"झाकण काडल्या काडल्या उतरतोय?
मरंल की ओ त्यो."

बशी खाली ठेवली.
"आत हवा नसती. कंदील सोडायचा दोरीनं.
इजला, तर वर बसायचं.
परत सोडायचा. परत बसायचं.
घाई असली तरी बसायचं."

प्रज्योतनं हळूच रेकॉर्डर सुरू केला होता,
ते नंतर कळलं.

नव्या सीनमध्ये कुणी उतरत नाही.
दोघं भाऊ उघड्या तोंडाशी बसतात,
मधे दोरी.
वाटणीवरचे माझे सव्वातीन पानी संवाद गेले.
कंदिलाच्या उजेडात फक्त हात दिसतील, रेहाना म्हणाली,
म्हणून चेहऱ्यांची वर्णनंही गेली.
उरलं एवढंच:
कंदील विझतो. थोरला दोरी ओढतो. धाकटा काडी पेटवतो.

हे वाक्य कुणाचं, आता सांगता येत नाही.
काडी माझी असावी.

आठव्या खर्ड्याच्या प्रती गणपती पेठेत काढल्या.
पान त्रेचाळीसवर भूपालअण्णांचा अंगठा उठलाय,
पिवळा.
"ह्यात आमी म्हटल्यालं कुटं हाय?" विचारताना लागलेला.
मशीनवाल्या पोराला दोनदा सांगितलं, गडद कर.
अक्षरं काळीकुट्ट झाली.
अंगठा एकाही प्रतीत उमटला नाही.