मुदतखरेदी

तीस जून. बोर्नमथ. रात्रीचे सव्वानऊ,
आणि उजेड परत न्यायला अजून कुणी आलेलं नाही.
चौथ्या मजल्यावर आम्ही तिघं :
मी, लेखापरीक्षक मॉर्वेना पास्को, आणि प्रिंटर,
जो दर तिमाहीला याच दिवशी आजारी पडतो.

चाळीस कोटी पौंडांचे सरकारी रोखे
संध्याकाळी एका फ्रेंच बँकेकडे गेले.
परवा परत येतील, ठरल्या भावाने, जरा चढ्या.
त्या चढाला डेस्मंड फरक म्हणतो. व्याज म्हणत नाही.
"विकले," तो फोनवर सांगतो, "विकले ते. काढ वहीतून."
काढले, तर सकाळी ताळेबंद सडपातळ दिसेल,
पाहुणे यायच्या आत पसारा पलंगाखाली सारावा तसा.

हातात रोकड आली एकोणचाळीस कोटी वीस लाख.
वरच्या ऐंशी लाखांना इथे हेअरकट म्हणतात.
डेस्मंडला टक्कल आहे. तो कधी हसला नाही यावर.

मॉर्वेना विचारते, भाव पडला तर झोप कुणाची उडेल?
आमची.
मधल्या दोन दिवसांत कूपन आलं, तर कुणाचं?
आमचंच.
मग गेले कुठे ते, ती म्हणते,
आणि चहात बुडवलेलं बिस्किट
मोडायच्या आत बाहेर काढते.

माझे मामा वाईला कचेरीबाहेर टेबल टाकून मुद्रांक विकायचे.
सांगायचे, खुशखरेदी असली की गिऱ्हाईक चहा मागवतं,
मुदतखरेदी असली की पाणीसुद्धा नको म्हणतं.
कागद सारखाच, शिक्का सारखाच.
पण लिहून देणारा सही करताना
एकदा मान वळवून बाहेर बघतो.
तेव्हा समजायचं,
हे विकणं नाही, ठेवून येणं आहे.

हे मॉर्वेनाला इंग्रजीत सांगायला गेले
तर हातात नुसतं 'कंडिशनल' उरलं.
तिने तेवढंच टिपून घेतलं.

मी नोंद फिरवते. रोखे आमच्याच बाजूला, होते तिथे.
रोकड जमा, आणि तिच्यासमोर तेवढंच देणं.

उरले स्वॅप. त्याच बँकेशी, दोन्ही दिशांनी.
येणं नव्वद कोटी, देणं सत्त्याऐंशी.
आमच्या न्यूयॉर्कच्या वहीत असते तर नुसते तीन :
करार एकच आहे ना, कुणी बुडालं तर वजा होणारच ना,
मग करा आजच.
इथला नियम हेकट.
हक्क आजचा हवा, बुडाल्यानंतरचा नको.
आणि इरादाही हवा, एकदम मिटवण्याचा.
आमचा नाही. आम्ही दर बुधवारी
आपापले पैसे वेगवेगळे धाडतो.
म्हणून नव्वद इकडे, सत्त्याऐंशी तिकडे,
लग्नात समोरासमोर बसलेल्या,
एकमेकांशी न बोलणाऱ्या नातेवाइकांसारखे.

दुपारी न्यू जर्सीहून हेरंबचा निरोप आला होता.
"तुझं शिक्षणाचं कर्ज मी फेडलं,
आईला शेवटी तू सांभाळलंस.
फिटंफाट, ताई. आता तो विषय नको."
माझा भाऊ. तिकडच्या नियमाने जगतो.
तीनसुद्धा शिल्लक ठेवले नाहीत त्याने.

मी उत्तर लिहिते, खोडते.
तुझं देणं आहे माझ्यावर, हेरंब, सगळंच्या सगळं आहे,
दर महिन्याच्या पाच तारखेसकट.
आणि तिची ती पाच वर्षं,
बॉस्कमच्या घाटावर उभी राहून
समुद्राला धोमचं पाणी समजणारी,
"चढलंय गं, दरवाजे उघडायला सांग कुणाला तरी" म्हणणारी,
ती दुसऱ्या पानावर आहेत.
वजा करायचा हक्क असेलही.
इरादा नाही.

साडेअकराला प्रिंटर बरा होतो.
पान चौदा, कोमट, दोन्ही बाजू पुऱ्या आकड्यांत.
मॉर्वेना चष्मा डोक्यावर सरकवून बघते,
जाडजूड दिसतोय, म्हणते, यंदाचा ताळेबंद.
दिसू दे.