तारण

सुकाणू माझ्या हातात होतं, आणि बाटलीही.
हे आधीच सांगून टाकतो,
पुढचं ऐकताना कुणी माझी कीव करायला नको.
स्टूरहोल्मच्या खडकावर बोट फुटली
तेव्हा पाण्यात आम्ही दोघं होतो, हाल्वर आणि मी.
पोहता येत होतं हाल्वरला.
तरलो मी.

हिवाळ्यात आमच्या बेटावरून सूर्य जातो,
पण आठवडाभर आधीपासून सांगत, कललेला कललेला जातो.
हाल्वर तसा गेला नाही.

मी एक वही आणली, निळ्या पुठ्ठ्याची.
डाव्या पानावर एकच शब्द लिहिला: हाल्वर.
उजवीकडे लिहीत गेलो:
कॉड, खारवलेला, एक पिंप.
बर्चची लाकडं, फोडून, रचून.
छपराचे पत्रे, वादळात उडालेले, अकरा.
आमुंडचे बूट, छत्तीस नंबर.
पुढच्या वर्षी अडतीस.
सगळं पहाटेच्या आधी योरुनच्या दाराशी ठेवायचं
आणि बर्फातली आपली पावलं
फावड्याने पुसत पुसत मागे यायचं.
सात वर्षं.
स्वतःलाच तारण ठेवलं होतं मी,
व्याज भरत होतो, आणि मुद्दल
चाळीस वाव खोल.

रविवारी शेवटच्या बाकावर, दाराच्या फटीतल्या वाऱ्यात बसायचो.
पाद्री टोलेफ्सेन सांगायचे,
तारण कमवता येत नाही, ते दिलेलं आहे,
विश्वास म्हणजे नुसता पसरलेला हात.
मी मनात म्हणायचो,
पाद्रीबुवा, तुमची बोट कधी फुटली नाही.
आणि फुकटचा मासा या बेटावर
वास घेतल्याशिवाय कुणी घेत नाही.

आठव्या हिवाळ्यात वही घेऊन तिच्या दारात उभा राहिलो.
म्हटलं, बघ एकदा. किती उरलंय ते सांग.
तिने चष्मा शोधला. शेगडीजवळ बसून
सगळी पानं वाचली, बुटांच्या पानावर जरा थांबली.
मग म्हणाली, एलिंग,
हे तर मी पहिल्याच नाताळात सोडून दिलं होतं.
चर्चमध्ये, सगळ्यांसमोर, गुडघ्यावर बसून.
तू शेवटच्या बाकावर होतास.
तुला ऐकू गेलं नाही?

गेलं होतं.

तुम्हाला वाटेल, मी रडलो असेन.
राग आला मला. सात वर्षांची पाठदुखी
त्या बाईने एका वाक्यात फुकट घालवली.
तो हिवाळा मी काहीच केलं नाही.
लाकडं फोडली नाहीत, पिंप भरलं नाही,
वाट पाहिली की आता ती तोंड फिरवेल,
आता हिशोब पुन्हा उघडेल.
दुकानात भेटली की विचारायची,
खोकला कसा आहे?

एवढंच. महिनोन्‌महिने, खोकला कसा आहे.
आणि एका रात्री, कुठल्याशा साध्या रात्री,
मोजे वाळत घालताना
माझ्या ध्यानात आलं की मी बुडत नाहीये.
बराच काळ बुडत नाहीये.
पाय टेकले होते, आणि मी उगाच हात मारत होतो.

मार्चमध्ये जाळ्यात दोन मोठे कॉड आले.
एक घेऊन मी भर दुपारी गेलो,
पावलं तशीच राहू दिली.
दार उघडून ती म्हणाली, हप्ता आणलास?
नाही, म्हटलं. दोन होते. मी एकटा आहे.
तिने मासा हातात तोलून पाहिला.
मग पाय पूस, म्हणाली, बटाटे चुलीवर आहेत.

आता आमुंड माझ्याबरोबर समुद्रावर येतो.
सुकाणू त्याच्याकडे असतं.
वहीच्या कोऱ्या पानांवर तो इंजिनाची चित्रं काढतो,
डावं पान मात्र त्याने सोडून दिलंय,
मी काही सांगितलं नव्हतं.
खोटं कशाला बोलू, अजूनही
एखाद्या पहाटे लाकडं रचून झाली
की हात खिशात जातो, पेन्सिल शोधत.
खिशात खडीसाखर असते, खोकल्यासाठी,
तिनेच दिलेली.