हंगामी

डिसेंबर लागला की मी सातव्या ग्रीनला दोरी लावतो.
चार सळ्या, निळं नायलॉन,
गाठ मारताना बोटं आपली वाटत नाहीत.
मग चाळीस पावलं मागे येऊन
फेअरवेवरच एक गोल आखतो,
गवत थोडं बुटकं करतो,
भोक मात्र पाडतो पातेल्याएवढं.
थंडीत माणसाला एवढी सूट असावी.

याला म्हणायचं हंगामी ग्रीन.
चेंडू इथे घरंगळत नाही, ठेचकाळतो.
"खरूज झालेल्या कुत्र्याची पाठ आहे ही," मोर्व्हेनबाई म्हणतात,
आणि दर मंगळवारी येतात,
टोपीवर टोपी,
काखेत चटईचा तुकडा,
कारण या दिवसांत चेंडू जमिनीवरून मारायचा नसतो.
आर्डक्रेलला झाड नाही, आडोसा नाही,
उत्तर समुद्रावरून निघालेला वारा
पहिल्यांदा टेकतो तो आपल्या दातांवर.
आकडे वहीत चढत नाहीत.
हिवाळ्यात कोणी जिंकत नाही,
हरलेल्याला सूप तेवढं पाजावं लागतं.

जानेवारीत सातव्यावर पावलं उमटली,
दोरीच्या आत,
काळी.
गोठलेल्या दहिवरावर पाय पडला
की पातं आतून मोडतं.
त्या सकाळी काही दिसत नाही.
दोन दिवसांनी जमीन सावकाश चहाडी करते.

सेक्रेटरी फार्कर लालबुंद.
"नाव सांग, स्ट्रुअन."
मी वाकून बघितलं.
उजवा पाय अख्खा. डावा फरपटलेला.
आणि मधोमध, नोव्हेंबरात जिथे भोक होतं तिथे,
दोन गुडघे
आणि एक पंजा, बोटं फाकलेली:
माती कितपत गोठलीय ते चाचपणारा.
असा हात एकच माणूस टेकवतो.
सतराव्या वर्षी मला इथेच, याच कडेला
कॉलर धरून मागे ओढलं होतं त्यानं:
"दहिवरावर पाय ठेवलास तर तंगडं मोडीन."
टॉर्क्विल. माझ्या आधी एकतीस वर्षं
ही हिरवळ त्याची होती.
आता त्याला बायकोचं नाव आठवत नाही
आणि पहाटे पाचला कामावर जायचं आठवतं.

"हरणं असतील," मी म्हटलं.
फार्करनं ठशांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"बूट घातलेली?"
"थंडी फार आहे, साहेब."

दुसऱ्या दिवशी पावणेपाचला मी दोरीपाशी उभा.
तो आला, पायजम्यावर ओव्हरकोट,
मला ओळखलं नाही, पण उशीर झाल्याबद्दल रागावला.
मी भोक पाडायचं यंत्र त्याच्या हातात दिलं
आणि चाळीस पावलं मागे नेलं.
त्यानं नाक वर करून वारा हुंगला,
टाच आपटली, तीनदा जागा बदलली,
मग सगळा भार टाकून यंत्र फिरवलं.
मातीचा गोळा निघाला अखंड,
कडा सुरीनं कापल्यासारखी.
माझी अजून तशी येत नाही.

मंगळवारी मोर्व्हेनबाई लांबूनच ओरडल्या,
"स्ट्रुअन, उतारावर कोणी पाडलं रे भोक?
चेंडू थांबतच नाही!"

हंगामी आहे, मी म्हटलं.
पण वारा होता. त्यांना ऐकू गेलं नसावं.