हे नेटवर्क विसरा

तपकीर गल्लीतला माणूस म्हणाला,
नुसतं डिलीट करून भागत नाही, ताई.
पाटी थुंकीने पुसावी तसं असतं ते,
उन्हात तिरकी धरली की जुनी बेरीज दिसते.
वरून शून्यं लिहावी लागतात,
सगळीकडे, एकही जागा न सोडता.
त्याचे दोनशे वेगळे.
म्हटलं, शून्यं माझी मी लिहीन,
सहा वर्षं तेच करतेय.
तो हसला नाही.
त्याला रोज कुणीतरी हेच ऐकवत असणार.

रात्री नवी पेठेत, खोलीवर, पंखा दोनवर ठेवून बसले.
फायली पटापट गेल्या:
पूर्वपरीक्षा, मुख्य, मुख्य-शेवटचं,
मुख्य-खरंच-शेवटचं,
दोन हजार एकोणीसच्या चालू घडामोडी,
ज्या आता चालत नाहीत.
कलमं पाठ करताना रेकॉर्ड केलेला माझाच आवाज,
तीनशे छप्पनला मागे कुकरची शिट्टी.
कचरापेटीत टाकलं, कचरापेटीही ओतली.
हात थरथरला वगैरे नाही.

अडकले ती वायफायच्या यादीत.
जिथे जिथे टेकलो
ती सगळी दारं त्याने नावानिशी जपलेली.
शनिपारामागची खोली, तिघी आणि एक खिडकी.
'बापटकाका_वरचा मजला', रात्री दहाला बंद, घड्याळ लावून घ्यावं असं.
अभ्यासिका, जिथे खुर्ची मोडली तर दंड होता
आणि रडायला जिना होता.
अमृततुल्यचं, जे कधीच लागलं नाही.
आणि एक नुसतंच 'गेस्ट'.
हे कुठलं, हे कुठलं, करत राहिले.
मग औषधांचा वास आला.
तिसरा मजला, आबांच्या कॉटशेजारचं स्टूल,
मांडीवर हाच लॅपटॉप,
आणि आबा म्हणत होते, वाच तू वाच, मी जागा नाही.

प्रत्येक नावापुढे एकच बटण.
हे नेटवर्क विसरा.
विसरा, विसरा, विसरा.
'गेस्ट'वर बाण नेला आणि चहा टाकायला उठले.

आसनक्रमांकाच्या चौकटीत पहिला आकडा टाकला
की आधी कालिंदीचा नंबर यायचा, माझा नंतर.
ती यादीत होती. मीच फोन करून तिला सांगितलं.
ती ओरडली, तिची आई ओरडली,
आणि माझा नंबर बघायचा राहून गेला,
दोन तास.
ते दोन तासही आत कुठेतरी असतील.
त्यांच्यावरही शून्यं.

शेवटी शब्दकोश. त्यात मी भर घातलेला
एकच शब्द: ढवळशंख.
पहिल्या वर्षी अर्ज लिहिताना
माझ्या आडनावाखाली लाल नागमोडी रेघ यायची,
चूक, चूक, असं सुचवत.
वैतागून एकदा शिकवलं त्याला,
की अशी माणसं असतात.
पहाटे चारला ते पुन्हा अडाणी झालं.

दुपारी मुबीन तांबोळी आला, उदगीरचा,
बी. सी. एस.च्या पहिल्या वर्षाला, दाढी अजून विचारात.
झाकण उघडून बघितलं, बिजागरीची चीर बघितली.
'ल' आणि 'एन्टर'वर बोट फिरवलं.
ते झिजलेलंच राहणार होतं,
त्याला शून्यं चालत नाहीत.
त्याने आपलं नाव टाइप केलं. खाली लाल रेघ.
माझ्याकडे बघितलं, काही बिघडलंय का म्हणून.
शिकवावं लागतं, म्हटलं. एकदाच.

मग संकोचत म्हणाला,
चेक करायला वायफाय मिळेल का इथलं?
सांगितला पासवर्ड:
मालकांच्या कुत्र्याचं नाव आणि चार शून्यं.
लागलं.
कोऱ्या यादीत पहिलंच नाव
माझ्या खोलीचं.

अकरा हजार ठरले होते, दहा आठशे दिले.
एक नोट चिकटपट्टीची होती.
बदलून घ्यायचं सुचलं
तोवर तो कोपऱ्यावरून वळला होता,
पाठीवर सॅक, सॅकमध्ये ते,
अजून थोडं गरम.