रोलर

सकाळी साडेआठला अजून काळोखच.
नोव्हेंबरात ताम्पेरेत उजेड उशिरा येतो
आणि आल्याचं सांगत नाही.

आहती केम्पाइनन, वय सत्तावन्न,
दाराशी बूट काढून आत आला.
आमच्या ऑफिसात कुणी काढत नाही.
राखाडी लोकरी मोजे, डाव्या टाचेला
जरा वेगळ्याच राखाडी रंगाचं रफू.
मी रफू पाहिलं, आणि न पाहिल्यासारखं केलं.
हे आम्हाला शिकवतात,
दोन दिवसांच्या कार्यशाळेत, जेवणासकट.

बायोडेटा एक पान, त्यातही अर्धं कोरं.
कागद गिरणी, यंत्र क्रमांक चार, एकतीस वर्षं.
पुढे गिरणी बंद.
पुढे काही नाही.

मी छापील प्रश्न विचारत गेले.
पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?
तो म्हणाला, बासष्ट वर्षांचा.
मग : तुमची एखादी कमजोरी?

तो गप्प झाला.
आमच्याकडे गप्प बसण्याला कुणी नावं ठेवत नाही
पण हे फारच लांबलं.
माझ्या कॉफीवर साय धरली.
मागे प्रिंटर कुणाचं तरी काहीतरी छापत होता.

“मला ऐकू येतं,” तो शेवटी म्हणाला.
“समोरचं माणूस बोलत असतं, आणि मागे यंत्राचा सूर उतरतो.
कागद फाटायच्या आधी मिनिटभर उतरतो.
मी उठून जातो, वाक्य तिथंच टाकून.
बायको म्हणायची, माझा संसार झाला तो अर्ध्या वाक्यांशी.”
मग मान किंचित वळवून :
“तुमच्या त्या प्रिंटरचा रोलर जाणार.
गुरुवारपर्यंत.”

संवादकौशल्य : पाचापैकी दोन.
मी पेन्सिलीनं लिहिलं. पेन्सिल ही माझी पळवाट.

आता हे कुणाला सांगितलेलं नाही :
त्याच दिवशी चार वाजता
माझीही मुलाखत होती.
मार्चनंतर आमच्या शाखेत माणसं निवडायला
माणसं लागणार नाहीत, असं परिपत्रक आलं होतं.
सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये, गाडीत,
फोन स्टिअरिंगला टेकवलेला,
वर कोट, खाली थर्मल पायजमा.
उत्तरांची मला काय कमी!
वीस वर्षं टेबलाच्या अलीकडे बसून ऐकलेली :
मला कुणाला नाही म्हणता येत नाही,
मी कामात स्वतःला विसरते,
मला सगळं नीटनेटकंच लागतं.
एकेका दोषाला कडक इस्त्री.

पडद्यावर हेलसिंकीची मुलगी, माझ्या लेकीच्या वयाची.
तुमची एखादी कमजोरी?
आणि मी गप्प.
नाटक नव्हतं ते. काचेवर बर्फ साठत गेलं,
गाडीत अंधारत गेलं, माझा चेहरा
तिला दिसत होता की नाही कोण जाणे.
मग मी म्हणाले,
“मला मोज्यांचं रफू दिसतं.
आणि मी न पाहिल्यासारखं करते.”

ती खाली बघून लिहू लागली.
पेननं की पेन्सिलीनं, ते कळलं नाही.

गुरुवारी एकवीस पत्रं छापायची होती.
एकोणीस निघाली.
विसावं घशात अडकावं तसं अडकलं.
प्रिय आहती केम्पाइनन,
आपल्याला कळवताना आम्हाला
एवढंच बाहेर, बाकीचं आत चुरगळलेलं.
पुढचा शब्द मला माहीत आहे.
मीच लिहिलाय, एकवीस वेळा तोच.

दुरुस्तीवाला म्हणाला, सोमवारच्या आत जमणार नाही.

सगळे गेल्यावर मी बूट काढले.
का, ते मला विचारू नका.
गुडघ्यांवर बसून झाकणाला कान लावला.
काहीच ऐकू आलं नाही.
मग बटण एकदा बंद करून चालू केलं
आणि पुन्हा लावला.